सव्वादहाला ती कुठे असेल?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई तालुक्याच्या गावात एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात २७ वर्षं रसायनशास्त्र शिकवतात. वय ५२. संस्थेनं गणवेशाचे नवे नियम करायला पाच जणांची समिती नेमली आहे आणि मसुदा लिहायचं काम बाईंच्या गळ्यात पडलंय. ‘धर्म दाखवणारं कोणतंही वस्त्र वा चिन्ह आवारात चालणार नाही’ हे वाक्य सचिवांनी आधीच लिहून पाठवलंय. बारावी सायन्सला एक हुशार मुलगी आहे. ती बुरख्यात येते, लेडीज रूममध्ये तो काढते, घडी घालून साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवते आणि गणवेशावर डोक्याला रुमाल बांधून वर्गात बसते. नियम झाला तर रुमालही जाईल. वडिलांनी सांगून ठेवलंय, मग घरीच बसू दे. बाईंनी स्वतः लग्नानंतर आईशी आणि सासूशी भांडून टिकली-मंगळसूत्र सोडलं. त्यांना तो रुमाल बघवत नाही. पण त्या मुलीचं कॉलेज सुटलं तर तेही सहन होणार नाही. ‘सरकारनंच एकदा फ्रान्ससारखा कायदा देशभर करून टाकावा,’ त्या लिहितात, ‘म्हणजे मुलीही मोकळ्या होतील आणि आमच्यासारख्यांच्या डोक्याचा तापही जाईल. माझं चुकतंय का?’ समितीची बैठक येत्या बुधवारी आहे.

बाई,

(शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं ते मला अजून सुचत नाही. चालवून घ्या.)

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडकले, आणि तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिलंय. लग्नानंतरची चार वर्षं मंगळसूत्र घरातून निघताना गळ्यात, रिक्षात बसलं की पर्समध्ये, संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पुन्हा गळ्यात. मग एक दिवस ते कपाटात राहिलं ते राहिलंच. त्याच पत्रात, दोन परिच्छेद सोडून, लेडीज रूममध्ये बुरख्याची घडी घालणारी ती मुलगी येते. तुमची पर्स आणि तिची पिशवी सख्ख्या बहिणी वाटल्या मला. लिहिताना तुमच्या ते लक्षात आलं होतं का?

आता, फरक आहे हेही खरं. तुम्ही काढत होतात ते कधीतरी कायमचं टाकायचं म्हणून. ती कदाचित फक्त वर्गापुरतं काढत असेल आणि तिला काहीच टाकायचं नसेल. कदाचित बुरखा वडिलांचा आणि रुमाल तिचा स्वतःचा असेल. किंवा दोन्ही तिचेच. किंवा एकही नाही. मला माहीत नाही, आणि क्षमा करा, तुम्हालाही माहीत नाही. दोन पानी पत्रात तिचे मार्क आहेत, तिच्या वडिलांचं म्हणणं आहे, सचिवांचं वाक्य आहे. तिला तुम्ही काही विचारल्याचं मात्र कुठेही नाही.

तर पहिलं काम हे. बुधवारच्या आधी तिच्याशी बोला. स्टाफरूममध्ये बोलावून नको, आणि ‘तुझ्यावर घरून जबरदस्ती आहे का गं?’ असं तर अजिबात नको. या प्रश्नाला जगातली कुठलीही मुलगी ‘नाही’च म्हणेल. आपणही म्हणालो असतो. प्रॅक्टिकलला ब्युरेट भरताना, जर्नल तपासताना, हात कामात असताना विचारा: रुमाल कधीपासून बांधतेस? घरात आणखी कोण बांधतं? नियम आला तर काय करशील? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तो विचारल्यावर गप्प राहायची तयारी ठेवा.

तुम्ही ‘बघवत नाही’ म्हणता, त्यावर मी तुम्हाला उपदेश करणार नाही, कारण मलाही तसं होतं. मे महिन्यात बसस्टँडवर नखशिखांत काळ्या कपड्यात उभी असलेली, हातात झोपलेलं पोर घेतलेली बाई दिसली की माझ्याच अंगाला घाम फुटतो. बाईचं शरीर झाकायची जबाबदारी बाईवर टाकणारी जी जी चाल आहे, ती मला आवडत नाही, मग ती कुठल्याही धर्माची असो. पण मला बघवत नाही ही माझी अडचण झाली. सरकारनं त्यावरून कायदा करावा का, हा प्रश्न निराळा. तुमच्या पत्रात हे दोन्ही एकाच ओळीत आलेत.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. मी पाहिलेली नाही, आईकडून ऐकलेली. माझ्या आजीची मोठी जाऊ, सगळे तिला काकी म्हणत, चौदाव्या वर्षी विधवा झाली. डोकं भादरलेलं, अंगावर आलवण, म्हणजे विधवेनं नेसायचं लाल लुगडं. पुढे तिचा धाकटा दीर पुण्याला शिकून आला, सुधारक झाला. त्याला ते आलवण बघवेना. तुमचाच शब्द आहे, म्हणून सांगते. एकदा काकी आंघोळीला गेली असताना त्यानं बाहेर ठेवलेलं आलवण उचलून नेलं आणि जागेवर निळ्या काठाचं नवंकोरं लुगडं ठेवलं. हेतू किती चांगला! काकी न्हाणीघरातून बाहेरच आली नाही. दहा वाजले, अकरा वाजले. चूल खोळंबली. पोरं शाळेतून जेवायला आली तरी दाराला कडी. शेवटी माझ्या आजीनं दिराच्या खोलीतून आलवण शोधून आणलं आणि दाराच्या फटीतून आत सरकवलं. काकी बाहेर आली, काही न बोलता भाकरी थापायला बसली. त्या दिरापाशी ती पुढे दोन वर्षं नीट बोलली नाही.

पुढचं ऐका. बऱ्याच वर्षांनी, पंढरपूरला निघताना, तिनं आपण होऊन माझ्या आजीला विचारलं, ‘ते निळ्या काठाचं आहे का गं अजून?’ ते नेसून गेली, आणि परत आल्यावर आलवण नेसली नाही. केस मात्र शेवटपर्यंत वाढवले नाहीत. का, ते कुणी विचारलं नाही.

या गोष्टीचं मला जे वाटतं ते असं. दिराचं मत बरोबर होतं. आलवण वाईटच होतं, त्यात काकीची ‘संस्कृती’ वगैरे काही नव्हती, ती तिच्यावर लादलेली शिक्षा होती. आणि तरीही त्या सकाळी काकी न्हाणीघरात कोंडली गेली ती आलवणामुळे नव्हे, त्याच्या सुधारणेमुळे.

महाराष्ट्रातल्या विधवांची सुटका कशी झाली ते तुम्ही-मी शाळेत शिकलोच आहोत, पण या नजरेनं पुन्हा बघा. १८५६ चा कायदा. त्यानं कुणाही विधवेला ‘लग्न कर’ म्हटलं नाही. केलंस तर ते कायदेशीर धरू, एवढंच म्हटलं. १८९० साली मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांना एकत्र आणलं आणि विधवांची डोकी आम्ही भादरणार नाही असं न्हाव्यांनी ठरवलं. म्हणजे वस्तरा धरणारा हात मागे घेतला. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, कर्व्यांचा आश्रम १८९६ चा. तिथे मुलगी भादरलेल्या डोक्यानं आली तरी दार उघडत होतं. ‘आधी केस वाढवून ये, मग अक्षरं शिकवतो’ असं कुणी म्हटलं असतं तर आलं असतं कोण?

याला उत्तर म्हणून तुम्ही महाडचा दाखला द्याल. द्याच. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना स्पष्ट सांगितलं होतं की अस्पृश्य म्हणून ओळखू येणारी लुगड्याची पद्धत सोडा, ते गळ्या-हातातले जडशीळ दागिने टाका. वस्त्र ही गुलामीची खूण असू शकते आणि ती फेकणं हा मुक्तीचा भाग असू शकतो, हे तिथे लख्ख दिसतं. मला ते पूर्ण मान्य आहे. पण सांगणारा कोण होता बघा. त्या बायकांचा आपला माणूस, त्यांच्याच परिषदेत, त्याच वर्षी त्यांच्या लोकांबरोबर चवदार तळ्याचं पाणी प्यायलेला. लुगडं बदललं नाही तर सभेतून हाकलीन, असं त्यानं म्हटलं नव्हतं. तुमच्या समितीत त्या मुलीचं असं ‘आपलं’ कोण आहे? पाच नावं तुम्ही लिहिलीत. मी दोनदा वाचली.

आता फ्रान्स. आपल्याकडे ‘फ्रान्ससारखा कायदा’ हे शब्द फार सैल वापरले जातात, तेव्हा आधी नीट मांडू. तिथे दोन कायदे आहेत. २००४ चा कायदा सरकारी शाळांपुरता: ठळक दिसणारी धार्मिक चिन्हं विद्यार्थ्यांनी घालायची नाहीत. विद्यापीठांना तो लागू नाही. २०१० चा दुसरा, एप्रिल २०११ पासून अमलात आलेला, चेहरा झाकण्याविरुद्धचा. तो रस्त्यावरही लागू, दंड १५० युरोपर्यंत. त्यांचा हेतू खोटा होता असं मी म्हणणार नाही. २००३ च्या स्तासी आयोगानं वस्तीतल्या मुलींवर भावांचा, शेजाऱ्यांचा कसा दबाव असतो हे ऐकलं आणि म्हणून शाळेत बंदी सुचवली. शाळेच्या चार भिंतींत तरी मुलीला दम खाऊ द्यावा, हा विचार. यात तथ्य आहे, मी त्यावर परत येणार आहे.

पण अंमल कसा झाला? कायदा बोलायला सगळ्यांसाठी होता, मनात होता रुमाल. पॅरिसजवळच्या बोबिन्यी गावात शीख मुलगे पगडीपायी शाळेबाहेर गेले. त्यांच्यापैकी एकाच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं २०१२ मध्ये फ्रान्सच्या विरोधात मत दिलं. रुमाल न सोडणाऱ्या काही मुली खासगी कॅथलिक शाळांत गेल्या, म्हणजे धर्मनिरपेक्ष शाळेतून उठून धर्माच्याच शाळेत. मग २०२३ मध्ये सरकारनं अबायावर, म्हणजे पायघोळ झग्यावर, बंदी घातली. शाळा उघडल्या त्या पहिल्याच दिवशी, तिथल्या शिक्षणमंत्र्यांच्याच आकड्यानुसार, २९८ मुली अबाया घालून आल्या. ६७ जणींनी तो काढायला नकार दिला, त्यांना घरी पाठवलं. आता सांगा, दुकानातून आणलेला लांब झगा एका मुलीच्या अंगावर नुसता झगा आणि दुसरीच्या अंगावर धर्म, हे फाटकावरच्या माणसानं कशावरून ठरवायचं? मुलीच्या आडनावावरून? रंगावरून? कापडाकडे बघून तर ते कळत नाही.

मला या बंद्यांचं खरं भय हे वाटतं. ‘चेहरा दिसू दे’ हा नियम कुणालाही तपासता येतो. ‘धर्म दाखवू नकोस’ हा नियम तपासायला आधी समोरच्याचा धर्म बघावा लागतो.

आणखी एक. फ्रान्सचं सरकार कॅथलिक चर्चशी पिढ्यान्‌पिढ्या भांडून १९०५ च्या कायद्यानं धर्मापासून वेगळं झालं. आपलं तसं नाही, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. आपले मुख्यमंत्री, पक्ष कुठलाही असो, आषाढीला पहाटे पंढरपुरात सपत्नीक महापूजा करतात आणि आपण ते टीव्हीवर कौतुकानं बघतो. घटनेच्या कलम २५ मध्ये शिखांच्या कृपाणाचा नाव घेऊन उल्लेख आहे. लष्करानं शीख जवानाची पगडी उतरवली नाही, वर्दीचाच भाग करून टाकली. असं सरकार एकाएकी एका सतरा वर्षांच्या मुलीच्या रुमालापाशी येऊन फ्रेंच झालं, तर ती काय समजायची ते समजेलच.

‘गणवेश म्हणजे समानता’ हे तुमचं वाक्य मी गंभीरपणे घेते. गणवेशामुळे शेतमजुराची मुलगी आणि सराफाची मुलगी एका बाकावर सारख्या दिसतात, ही लहान गोष्ट नाही. पण गणवेशाच्याच रंगाच्या रुमालानं तो सारखेपणा मोडत नाही. तो रुमाल काही सराफाचा नाही. आणि तुमच्या वर्गात माळकरी घरचा एखादा मुलगा असेलच. त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ सचिवांच्या वाक्यात बसते की नाही? बैठकीत एवढंच विचारा, साध्या आवाजात. ‘माळेचं वेगळं’ असं कुणी म्हणालं, तर वाक्य समानतेचं नाही हे तुम्हाला सांगावं लागणार नाही. ‘माळही काढायची’ असं म्हणाले, तर तो मुलगा गावातल्या वारकऱ्यांच्या फडावर जाऊन काय सांगेल याचा विचार सचिवांना तिथल्या तिथे करावा लागेल.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्या कामाचं आहे. कर्नाटकात फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी आदेश निघाला, मार्चमध्ये उच्च न्यायालयानं तो उचलून धरला, हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक प्रथा नाही असं म्हटलं. १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. न्या. हेमंत गुप्तांनी आदेश योग्य ठरवला, न्या. सुधांशु धुलियांनी विचारलं की मुलीला शिक्षण नाकारून आपण तिचं आयुष्य अधिक बरं करतोय का. योग्य पीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवायचं ठरलं. आपल्या जवळचं म्हणजे चेंबूरच्या कॉलेजचं. तिथे हिजाब, बुरखा, नकाब, टोपी, बिल्ला असं सगळं एका सूचनेत बंद केलं होतं. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुलींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी, बिल्ला यांच्यापुरती त्या सूचनेला अंतरिम स्थगिती दिली, आणि वर्गात चेहरा झाकणारा बुरखा चालणार नाही हेही सांगितलं. धर्म कळू नये म्हणून नियम केलाय, असं कॉलेज म्हणालं, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलं की नावावरून कळत नाही का? टिळा आणि टिकलीचंही विचारलं. तुमच्या सचिवांचं वाक्य या स्थगित झालेल्या सूचनेच्या फार जवळ जातं. ते छापण्याआधी संस्थेच्या वकिलांना दाखवा, एवढं तर कुणालाही पटेल. कधीकधी न्यायापेक्षा वकिलाच्या फीचा मुद्दा बैठकीत लवकर पोचतो.

आणि सरकारला यातून वाट काढता येत नाही असं नाही. तुम्ही सायन्सला शिकवता, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची, ‘नीट’ची, सूचनापत्रकं तुम्हाला पाठ असतील. त्या परीक्षेइतकी कपड्यांची झडती देशात दुसरीकडे होत नसेल: पूर्ण बाह्या नकोत, बूट नकोत, दागिना नको. तिथेही प्रथेप्रमाणे किंवा धर्माप्रमाणे पोशाख करणाऱ्यांसाठी सूचना काय असते? लवकर या, म्हणजे नीट तपासता येईल. बस्स. कॉपी पकडणं हे काम, ते करायला वेळ लागतो, म्हणून वेळ मागितला. रुमालाचा अर्थ काय, तो जुलूम की श्रद्धा, यात परीक्षा घेणारे पडलेच नाहीत.

तेव्हा सरकारनं बंदी घालावी का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: जिथे एखादं काम अडतं तिथे, तेवढ्या वेळेपुरती, कारण सांगून. ओळख पटवायची असेल तर चेहरा उघडा. बर्नरजवळ उभं राहायचं असेल तर टोकं खोचा. न्यायाधीश, पोलीस यांच्या अंगावर राज्याची वर्दी असते, तिथे जास्त कडक नियम असावेत असं कुणी म्हणालं तर मी फार वाद घालणार नाही. पण रस्त्यानं जाणाऱ्या, वर्गात बसणाऱ्या माणसाच्या अंगावरच्या कापडाचा अर्थ सरकारनं लावू नये. इराणात १९३६ साली रझाशाहनं हिजाबवर आणि चादरीवर (बायका डोक्यावरून अंगभर घेतात ते वस्त्र) बंदी आणली, पोलिसांनी भर रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून ती ओढली, आणि कितीतरी बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ नंतर तिथल्याच दुसऱ्या राजवटीनं तीच गोष्ट सक्तीची केली, आणि २०२२ मध्ये महसा अमिनी नावाची तरुणी हिजाब नीट नाही म्हणून पकडली गेली आणि पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. ओढणारे आणि घालायला लावणारे एकमेकांना शत्रू मानतात, एवढंच.

तुम्ही मसुदा लिहिणार आहातच, तर असं काहीतरी लिहून बघा: ‘वर्गात, प्रयोगशाळेत व परीक्षेत प्रत्येकाचा चेहरा दिसावा. डोक्यावर पगडी, रुमाल वा ओढणी घेणाऱ्यांनी ती गणवेशाच्या रंगाची घ्यावी. प्रयोगशाळेत ओढणीची व रुमालाची टोकं, मोकळे केस, गळ्यातली माळ वा साखळी बांधलेली अथवा आत खोचलेली असावी. ओळख तपासायची झाल्यास मुलींची तपासणी महिला कर्मचारी आडोशाला करतील.’ यात एकाही धर्माचं नाव नाही, आणि कुणाला ‘हे का?’ असं विचारलं तर प्रत्येक ओळीचं उत्तर तुमच्याकडे आहे. शेवटी एक ओळ नक्की घाला: नियम पुढच्या जूनपासून. बारावीच्या मुलींवर वर्षाच्या मध्यात काहीही नवं लादायचं नाही, कारण फॉर्म भरून झालेले असतात आणि बोर्ड कुणासाठी थांबत नाही. कर्नाटकात त्या वर्षी हिजाबपायी परीक्षा चुकलेल्यांना पुन्हा संधी देणार नाही, असं सरकारनं सांगून टाकलं होतं.

आता तो दबावाचा मुद्दा, ज्यावर परत येईन म्हणाले होते. तुमच्या कॉलेजात अशीही मुलगी असेल जिला रुमाल नको आहे, आणि जिला तिचा चुलतभाऊ वर्गाबाहेर गाठून ‘डोकं उघडं टाकून फिरतेस’ म्हणतो. तिचं काय? बंदी आणली तर तिला बरं वाटेल, हे मी नाकारत नाही. पण तिला त्रास देणारा तो चुलतभाऊ आहे, शेजारच्या बाकावरची मैत्रीण नव्हे. मग नियम त्याच्यावर करा: कपड्यांवरून, डोकं झाकण्या-न झाकण्यावरून, टिकली लावण्या-न लावण्यावरून कुणाला टोकलं, धमकावलं, फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर कारवाई. आणि ती खरंच करा, निदान पहिल्या खेपेला. तक्रार घ्यायला एक ठरलेली बाई असू दे. तुम्हीच व्हा. जी बाई एकेकाळी रिक्षात मंगळसूत्र काढत होती, तिच्याकडे मुली येतील. तुम्ही त्यांना ती गोष्ट कधी सांगितलीच नसेल ना? सांगा की.

एका ठिकाणी माझं उत्तर तोकडं पडतं, तेही सांगते. प्राचार्य म्हणतात ते, ‘आज रुमाल चालू दिला तर उद्या पोरं भगवी उपरणी घालून येतील.’ कर्नाटकात उडुपीकडे २०२२ मध्ये हेच झालं होतं. मी म्हणेन की भांडणाच्या आधीपासून जे अंगावर होतं ते आणि भांडणासाठी जे अंगावर चढवलं ते, यात फरक करा. तुम्ही म्हणाल, तो फरक कोण ठरवणार, म्हणजे आलाच की तुझा फाटकावरचा माणूस! खरं आहे. तिथे मी इतकंच सुचवते की शिक्षकांना आपली मुलं माहीत असतात. सरकारला नसतात, म्हणून मला असले निर्णय मुंबईहून येणाऱ्या परिपत्रकापेक्षा तुमच्या स्टाफरूममध्ये व्हावेत असं वाटतं. चूक झालीच तर ती एका कॉलेजपुरती राहील आणि दुसऱ्या सोमवारी सुधारता येईल.

समितीत पाचांत तुम्ही एकट्या पडलात तर? राजीनामा देऊन बाहेर पडायचा मोह होईल. देऊ नका, तुमच्याऐवजी जो मसुदा लिहील त्याला ती मुलगी नावानंही माहीत नसेल. वेगळं मत लिहून द्या, ते इतिवृत्तात घ्यायला लावा. आणि ठराव झालाच, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या घरी जा. एकट्या, संध्याकाळी, चहाला. वडिलांना तत्त्वज्ञान सांगू नका, बारावीचे गुण आणि पुढचे कोर्स यांचं बोला. बापाला मुलगी घरी बसवायची हौस असतेच असं नाही. पुष्कळदा त्याला मोहल्ल्यात मान खाली घालावी लागू नये एवढीच काळजी असते. तुम्ही त्यांच्या दारात गेलात, याला तिथे वजन असतं. तिच्या आईशीही बोला. बहुतेक तोच मार्ग निघेल.

तुमचा पहिला तास सव्वादहाचा असतो, असं तुम्ही लिहिलंय. बुधवारी समोर येईल त्या प्रत्येक वाक्याला एकच विचारा: हे छापून आल्यानंतरच्या सोमवारी, सव्वादहाला, ती कुठे असेल? माझ्या त्या काकीच्या दिरानं हा प्रश्न विचारला असता तर आमच्याकडे त्या दिवशी पोरं उपाशी शाळेत गेली नसती.

बैठकीला जाताना बारावीचा हजेरीचा कॅटलॉग सोबत न्या. तिच्या नावापुढे किती खाडे आहेत, ते आधी मोजून ठेवा.